केराऊच्या कोंबड्या

"कट, कट, कट! कोंबडी आधी ओरडली!"

हणमंत चौगुले खुर्चीतून उठले आणि समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर केराऊ बेट होतं तिथं थांबलं. डोंगराच्या तोंडचा धूर थांबला. उडणारे पक्षी हवेत थांबले. खानावळीच्या चुलीपुढे आवडाबाई तांडेल फुंकणी फुंकत होती, तीही गाल फुगवून तशीच थांबली.

"सर, डोंगर फुटणारे. कोंबड्या ओरडणारच," इब्राहिम म्हणाला.

"फुटल्यावर ओरडू दे की. मी नको म्हणतोय का? पण अजून फुटायचाय, आणि ही बया सकाळपासनं कोकलतीय. मागच्या टेकला गप होती. कंटिन्युइटी नावाचा काय प्रकार असतोय का नाही? चल, घडी बसव. अजून एकदा."

"अजून एकदा" हे शब्द चौगुल्यांच्या तोंडातून निघाले नाहीत असा दिवस युनिटनं बघितलेला नव्हता. इतकी वर्षं मालिका केल्या, पण पहिल्या टेकला माणसानं कधी ओके दिलं नाही. स्वतःच्या लग्नात बायकोनं हार घातल्यावरही ते "अजून एकदा" म्हणाले होते, असं लाइटवाले सांगायचे. चौगुले ते नाकारायचे नाहीत.

त्यांच्या पायाशी टेबलाखाली शाहीर झोपला होता. शाहीर म्हणजे स्टुडिओचा कुत्रा. भोंगा वाजला की सूर लावायचा, म्हणून शाहीर. एसीची गार हवा बरोबर त्या टेबलाखाली यायची. तिथून त्याला उठवणं कुणालाच जमलं नव्हतं. मुहूर्ताचा नारळ त्याच्या कानाशी फुटला, तरी त्यानं एक डोळा उघडून परत मिटला होता.

स्टुडिओ कोल्हापूरच्या बाहेर, पन्हाळ्याच्या रस्त्याला. आत नट नाहीत, सेट नाही, मेकअप नाही. एक मोठा पडदा, त्यातली ऊन-सावली बघणारे लाइटवाले, आणि पडद्यामागे इब्राहिम मुकादमनं रचलेलं अख्खं गाव. त्यातल्या माणसांना 'प्रतिजन' म्हणायचे. प्रतिजनाला संवाद लिहून देत नाहीत. त्याला आठवणी देतात, सवयी देतात, कुणावर जीव आहे आणि कुणाशी भांडण आहे ते देतात, आणि सोडून देतात. मग तो जगतो. कॅमेऱ्यांनी फक्त बघायचं. शॉट बिघडला तर गाव पुन्हा त्या दिवशीच्या पहाटेवर आणून ठेवायचं. ती साठवलेली पहाट म्हणजे 'घडी'. घडी बसवली की माणसं पुन्हा अंथरुणातून उठतात, आणि आपण हा दिवस आधी जगलोय, आणि मेलोय, हे त्यांच्या गावीही नसतं.

मालिकेचं नाव 'थोरला'. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मालवणचे काही खलाशी पूर्वेच्या समुद्रात केराऊ बेटावर जाऊन राहिले होते. होड्या, बायका, देव सगळं घेऊन. तिथल्या डोंगराला ते थोरला म्हणायचे, घरातला वडीलधारा असल्यासारखं. एका दुपारी तो फुटला. तापलेल्या राखेचा लोट उतारावरून आला आणि चुलीवरचा भात शिजायच्या आत वाडी गाडली गेली. त्यानंतर तिथलं कुणीच कुणाला दिसलं नाही.

पण मालिकेत आतापर्यंत ज्वालामुखी फारसा नव्हताच. होती ती आवडाबाईची खानावळ, आणि तिचा नवरा धाकू तांडेल, डाव्या कानानं ठार बहिरा. त्यांच्या भांडणांवर लोक फिदा होते. आता येत्या रविवारी संध्याकाळी शेवटचा भाग, तोही थेट. चॅनलनं गावोगाव फलक लावले होते: आवडाबाईचा शेवटचा दिवस. त्यासाठी आठवडाभर ही तालीम चालली होती.

इब्राहिमनं घडी बसवली. केराऊवर पहाट झाली.

"गो, पेज झाली काय?" पडद्यावर धाकू ओरडला. बहिरी माणसं ओरडतात तसा.

"झाली. ताटात वतू काय कानात वतू?" आवडाबाई म्हणाली.

"थोरलो आज जास्त खोकता गो."

"म्हातारो झालो, खोकतलोच. तुमी काय कमी खोकतास?"

इब्राहिमला हसू आलं. दर वेळी यायचं. तो देवबागचा. मालवणच्या बंदरावर मासे विकणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकत मोठा झालेला. आवडाबाईची जीभ त्यानं त्या सगळ्या बायकांच्या जिभा एकत्र करून घडवली होती. तिचा जीव मात्र तिनं स्वतःच घडवला. धाकूच्या बहिऱ्या कानात ती रोज काहीतरी पुटपुटायची, जे त्याला कधीच ऐकू जायचं नाही. हे इब्राहिमनं शिकवलेलं नव्हतं. ती काय पुटपुटते ते ऐकायची सोय होती. त्यानं कधी ऐकलं नाही.

आणि दर टेकच्या शेवटी लोट आला की ती धावत धाकूकडे जायची आणि त्याचे दोन्ही कान हातांनी दाबून धरायची. बहिराही. आवाजानं तो घाबरू नये म्हणून.

ते बघितलं की चौगुले घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "अजून एकदा."

"सर, उद्यापासून घडी बसवायला दुसऱ्या कुणालातरी बसवा," इब्राहिम म्हणाला.

"का रं?"

"रोज मारतोय मी तिला."

चौगुल्यांनी त्याच्याकडे बघितलं. "त्यांना लागत नसंल लेका."

"आणि लागत असेल तर?"

"आपल्याला लागतंय ते पुरे की. रविवारपर्यंत कळ काढ. एकदाच. मग सुटलो आपण सगळेच."

तेवढ्यात पडद्यावर आवडाबाईची तांबडी कोंबडी ओरडायला लागली. सूर्य अजून नीट वर आला नव्हता.

"बघ! बघ!" चौगुले ओरडले. "आता तर पहाटेच!"

*

दुसऱ्या दिवशी डॉ. सुलभा वैरागडे आल्या. त्या ज्वालामुखीच्या अभ्यासक, नागपूरच्या. खरा थोरला बरोबर दिसतोय की नाही ते बघायला चॅनलनं त्यांना नेमलं होतं. केराऊवर खोदकाम करणाऱ्या तुकडीत त्या स्वतः होत्या. धूर, कंप, विहिरीचं पाणी कोमट होणं, सगळं त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "डोंगर एकदम बरोबर आहे बरं का. तुमच्या त्या कोंबड्यांचं काय चाललंय पण?"

"तेच कळंना झालंय," चौगुले म्हणाले. "घ्या, चहा घ्या."

"कोंबड्यांवरून आठवलं. केराऊच्या शेजारच्या बेटावर आम्ही मुक्कामाला होतो. तिथल्या प्रत्येक होडीत पुढच्या टोकाला एक कोंबडी बसवलेली असते. तिला मारत नाहीत, विकत नाहीत. मी चुकून तिच्या जागेवर बसले, तर होडीवाला असा चिडला न माझ्यावर! म्हटलं, बाबा, तिकीट मी काढलं की तिनं काढलं?"

"का ठेवतात पण?"

"कुणालाच माहीत नाही. आजोबा ठेवायचे म्हणून ठेवतात."

इब्राहिमनं कप खाली ठेवला. "सर, कोंबड्यांचं मला कळलंय. चूक माझीच आहे."

"बोल."

"प्रत्येक कोंबडीला वेगळं डोकं करत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. म्हणून कोंबड्या, कुत्री, शेळ्या, गावातली सगळी जनावरं मी भाड्यानं घेतली. एका पशुखाद्य कंपनीनं बनवलेलं तयार डोकं आहे. सगळ्या जनावरांत मिळून एकच, आणि ते असतं कंपनीकडे. जनावराला काय काय झालं ते ऐकून रोज शिकतं."

"मग?"

"मग आपण घडी बसवतो तेव्हा माणसांच्या आठवणी पुसल्या जातात, कारण माणसांची डोकी आपली आहेत. कोंबडीचं अंग परत येतं. पण डोकं भाड्याचं. ते पुसलं जात नाही. ती मेली हे त्या डोक्याच्या लक्षात राहतं."

वैरागडेबाई पुढे सरकल्या. "पण मरण तर दुपारी येतं. ती पहाटे का ओरडते?"

"कारण भीती मागे सरकते," इब्राहिम म्हणाला. "लहान पोराला इंजेक्शन देतात ना, पहिल्यांदा ते सुई टोचल्यावर रडतं. दुसऱ्यांदा डॉक्टर दिसल्यावर. तिसऱ्यांदा दवाखान्याच्या पायऱ्यांवर. मग रिक्षा त्या रस्त्याला वळली की तिथंच. सुई जागेवरच असते, रडणं मागे मागे येतं. शिकणारं कुठलंही डोकं असंच शिकतं. पहिल्या टेकला कोंबड्या लोट आल्यावर ओरडल्या. मग त्याच्या आधीच्या हादऱ्याला. मग त्याच्या आधीच्या वासाला. आता भीती सरकत सरकत पहाटेपर्यंत आलीये. नुसतं पळायचंच नाही, कुठं पळायचं तेही कळत चाललंय त्यांना. रानात गेल्या त्या मेल्या. होड्यांत चढल्या त्या सगळ्यात शेवटी मेल्या."

"म्हणजे रविवारी?"

"रविवारी त्या उठल्या उठल्या होड्यांकडे पळणार."

चौगुल्यांनी टेबलावर बोटं वाजवली. "आणि हिकडं आवडाबाई चुलीपाशी बसणार व्हय? तांबडीमागं पळंल की ती! अंड्यावर बसलेली कोंबडी सोडणारी बाई हाय का ती?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. आवडाबाईनं एकदा तांबडीसाठी धाकूला अंगणात झोपवलं होतं. तो भाग लोकांनी फार डोक्यावर घेतला होता.

"उपाय काय?" चौगुल्यांनी विचारलं.

इब्राहिम पडद्याकडे बघत म्हणाला, "कंपनीला फोन करायचा. ते नवं, कोरं डोकं देतील. काही न शिकलेलं."

"तू कर."

"मी नाही करणार, सर."

चौगुले त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. मी करतो. इतिहास म्हणजे इतिहास. लोकांना सांगितलंय सगळे मेले म्हणून." खाली शाहीर झोपेतच पाय झाडत होता. त्यांनी वाकून त्याची पाठ थोपटली.

*

रविवारी युनिटमधलं कुणी नीट जेवलं नाही. प्रसारण सुरू झालं आणि केराऊवर पहाट झाली.

धाकूनं पेज मागितली. आवडाबाईनं ताटात ओतू की कानात ओतू विचारलं. महाराष्ट्र हसला असणार.

आणि तांबडी अंड्यांवरून उठली. ओरडली नाही. सरळ दारातून बाहेर पडली आणि मान पुढे काढून उतारावरून धावत सुटली.

इब्राहिमनं झटकन वळून बघितलं. "सर, फोन केला होता ना तुम्ही?"

"लागला नाही," पडद्यावरची नजर न काढता चौगुले म्हणाले.

"लागला नाही की लावला नाही?"

"गप बस. शॉट चालू हाय."

पडद्यावर आवडाबाई दारात आली. "गे तांबडे! ती ती ती! खंय चललीस गे अंडी सोडून?" पदर खोचून तीही उतरणीला लागली. आणि बघते तर वाडीतल्या सगळ्या बायका उतरणीला लागलेल्या. कुणाची काळी, कुणाची ठिपक्यांची, कुणाचा तुरेवाला कोंबडा, सगळे एकच वाट धरून किनाऱ्याकडे. कुत्री तर आधीच होड्यांत जाऊन बसली होती.

"उतर गे मेले!" आवडाबाईनं होडीत चढून तांबडीला धरलं. ती हातातून निसटून पुढच्या टोकाला जाऊन बसली. शेजारची म्हणाली, "माजीपण उतरणा नाय गो." पुरुष काठावर उभे राहून हसत होते. बायका कोंबड्यांना शिव्या घालत होत्या. सगळा गोंधळ.

धाकू मात्र हसत नव्हता. तो कोंबड्यांकडे बघत होता, मग डोंगराकडे, मग परत कोंबड्यांकडे.

"गो," तो म्हणाला, "रात्री पकडूक गेलय तर घावणा नाय ती कोंबी आपणहून होडयेत बसली. हेका कायतरी कारण आसतला. चल, पलीकडच्या बेटार जावन येव. सांजेक परत."

"आणि खानावळ?"

"सांजेक परत म्हटलय मां!"

इतक्या साध्या बोलण्यावर ते निघाले. पोरांना उचललं, म्हाताऱ्यांना बसवलं, घरांची दारं उघडीच ठेवली. चौगुल्यांचा फोन थरथरायला लागला. चॅनलवाले. चौगुल्यांनी फोन उपडा ठेवला.

ऊन डोक्यावर येईपर्यंत एकेक होडी पाण्यात गेली. शेवटची धाकूची. आणि तेवढ्यात आवडाबाई उठून उभी राहिली.

"माजी अंडी!"

"नाही, नाही, नाही," इब्राहिम स्वतःशीच म्हणाला.

ती पाण्यात उतरली आणि चढणीला लागली. थोरल्याच्या पोटातून पहिला हादरा आला. वैरागडेबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. हा हादरा कशाचा होता ते त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

"धाकू, सोड होडी!" होडीतले लोक ओरडले. "सोड रे!"

धाकूनं त्यांच्याकडे डावा कान केला. "काय म्हणतास?"

"सोड! डोंगर बग!"

"ऐकाक येणा नाय!"

ओरडून ओरडून त्यांचे घसे बसले. धाकू दोर हातात धरून चढणीकडे बघत उभा राहिला. त्याला ऐकूच येत नव्हतं. त्या दिवशी उजव्या कानानंही.

मग ती दिसली. पदराची झोळी करून, दोन्ही हातांनी पोटाशी धरून, घसरत, सावरत येत होती. एवढ्या घाईतही शिव्या चालूच. "मेल्यानू, माजी वाट बगूक काय झालेला? गेले आसतास मां!" धाकूनं तिला दंडाला धरून आत ओढलं. तिनं अंडी तांबडीच्या पोटाखाली सरकवली. मगच बसली.

होड्या दोन भुशिरं ओलांडून गेल्या तेव्हा थोरला फुटला. लोट उतरला, वाडी गेली, खानावळ गेली, लोट पाण्यावरून धावत आला आणि होड्यांच्या बराच मागे दम संपून पसरला. आवडाबाईनं धाकूचे दोन्ही कान दाबून धरले होते. बराच वेळ. आवाज थांबल्यावरही.

स्टुडिओत सगळे चौगुल्यांकडे बघत होते.

चौगुल्यांनी चष्मा काढून पुसला. "ओके," ते म्हणाले.

युनिटमधल्या लोकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"ओके म्हटलं की! टेक ओके. आता ती घडी पुसून टाक, इब्राहिम. परत बसवायची नाही. आणि गाव चालू राहू दे. बघू पलीकडच्या बेटावर म्हातारी काय दिवे लावतीय ते." इब्राहिमनं ती पहाट पुसली आणि तोंड फिरवून डोळेही पुसले.

*

"चॅनल मला फाडून खाणार," चौगुले जरा वेळानं म्हणाले. "इतिहास बदलला म्हणून."

वैरागडेबाई अजून पडद्याकडेच बघत होत्या. धाकूच्या होडीच्या पुढच्या टोकाला तांबडी बसलेली दिसत होती.

"बदलला नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "खोदकामात आम्हाला घरं मिळाली. चुली मिळाल्या, चुलीवरचे तवे मिळाले. माणसं नाही मिळाली. आम्ही म्हटलं, घाबरून समुद्रात पळाली असतील, बुडाली असतील. एक होडी नाही मिळाली. म्हटलं, जळाली. आणि अख्ख्या वाडीत एका जनावराचं हाड नाही. म्हटलं, राखेत विरघळलं. प्रत्येकाला एक कारण शोधून ठेवलं आम्ही." मग त्यांनी पडद्यावरच्या तांबडीवर बोट ठेवलं. "आणि शेजारच्या बेटावर मी जिच्या जागेवर बसले होते ती ही."

"म्हणजे खरी आवडाबाईही वाचली?" इब्राहिमनं विचारलं. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"कोंबड्यांमागून होडीत गेली असणार. अशीच."

"वा!" चौगुल्यांनी मांडीवर थाप मारली. "मग आपलंच बरोबर की!"

पण इब्राहिमच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं. "बाई, आपल्या कोंबड्या पळाल्या, कारण त्या आधी मेल्या होत्या. पुन्हा पुन्हा. त्या खऱ्या कोंबड्यांना कसं कळलं?"

"जनावरांना कंप जाणवतो, वास कळतो. माणसाच्या आधी."

"जाणवणं वेगळं. भिणं वेगळं. थोरला कितीतरी महिने खोकत होता, तेव्हा त्या दाणे टिपत होत्या. या खोकल्याच्या पुढं मरण आहे, त्याच्या पुढं नाही, हे कसं समजलं? डोंगर त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच फुटत होता. सुई टोचली नाही तोवर पोर रडत नाही."

वैरागडेबाईंनी पुन्हा पडद्यावरच्या तांबडीकडे बघितलं.

चौगुले सावकाश म्हणाले, "म्हणजे तिथंही कुणीतरी घडी बसवली असणार. माणसं पुसली. जनावरं पुसायची राहिली." त्यांनी छताकडे बघितलं. "माझ्यासारखाच कोणतरी बसलाय वर. अजून एकदा, अजून एकदा करत."

कुणीतरी हसायचा प्रयत्न केला. जमला नाही.

तेव्हा टेबलाखालून शाहीर उठला.

तो गार हवेतून बाहेर आला, उभा राहिला आणि कान टवकारून मागच्या भिंतीकडे बघायला लागला. तिथं काही नव्हतं. त्याच्या घशातून बारीक आवाज आला. मग तो आला आणि त्यानं चौगुल्यांच्या पँटचा काठ दातात धरून दाराकडे ओढला.

"बाहेर जायचं असेल त्याला," वैरागडेबाई म्हणाल्या. पण म्हणता म्हणता उभ्याही राहिल्या.

"असंल," चौगुले म्हणाले. त्यांनी चहाचा कप उचलला. "तरी पण चहा बाहेरच पिऊ. चला सगळे. लाइटवाल्या, तू पण. अरे, सामान राहू दे, आधी चल!"

सगळे शाहीरच्या मागून निघाले. आवारातून, फाटकातून, रस्त्यापलीकडच्या उसाच्या कडेपर्यंत. तिथं जाऊन शाहीर बसला. मगच बाकीचे थांबले. समोर स्टुडिओ नेहमीसारखा उभा होता, खिडकीत दिवा, आत पडद्यावर चाललेल्या होड्या. इब्राहिमनं शाहीरच्या गळ्यात हात टाकला.

चौगुल्यांनी मान वर केली. आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्यांना विनवण्या करायला लावल्या होत्या, तो आता आभाळाकडे बघून अगदी लाडीगोडीनं म्हणाला,

"एवढ्या वेळी ओके द्या की, राव."